पावलाच्या मधल्या सांध्यांचं फ्युजन: निर्णयापासून पुन्हा बूट घालेपर्यंत

बुटाची लेस जिथे बांधतो, नेमकं त्याच्या खाली दुखतं. बराच वेळ बसून उठलं की पहिली काही पावलं जड जातात, चढावर टाच उचलली की कळ येते, आणि पावलाच्या वरच्या बाजूने हात फिरवला तर हाडाचा टणक उंचवटा लागतो. अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला एक्स-रे बघून डॉक्टर कधी ना कधी सांगतात, "मधले सांधे झिजलेत, फ्यूज करावे लागतील."

फ्यूज करणं, म्हणजेच फ्युजन, म्हणजे सांध्यातली हाडं एकमेकांना जोडून सांधा कायमचा बंद करणं. हे ऐकलं की पोटात गोळा येतो. पाऊल ताठ होईल, लंगडत चालावं लागेल, मांडी घालता येणार नाही, असं बरंच काही मनात येतं. त्यातलं बरंचसं या विशिष्ट सांध्यांच्या बाबतीत खरं ठरत नाही, आणि ज्याची खरोखर काळजी करायला हवी ते मात्र कुणी आधी नीट सांगत नाही. ऑपरेशन टेबलावरचं काम दोनेक तासांचं असतं. निकाल मोठ्या प्रमाणात ठरतो तो दोन ठिकाणी: कोणते सांधे जोडायचे याच्या निवडीत, आणि नंतर पाय जमिनीला टेकवायचा नाही त्या आठवड्यांत. दुसरी जागा पूर्णपणे तुमच्या हातात आहे, म्हणून या लेखात तिच्यावर जास्त भर दिला आहे.

आधी पाऊल समजून घ्या

एका पावलात २६ हाडं असतात. मागे टाच आणि घोट्याखालचं हाड, पुढे बोटं आणि चवड्याची पाच लांब हाडं, म्हणजे मेटाटार्सल. या दोघांच्या मध्ये पाच लहान हाडं बसलेली असतात: नॅव्हिक्युलर, क्युबॉइड आणि तीन क्युनिफॉर्म. पावलाची कमान यांच्यावर तोललेली असते. अंगठ्याकडून मोजलं तर दुसऱ्या मेटाटार्सलचं मूळ आजूबाजूच्या हाडांच्या मध्ये खोल शिरून बसलेलं असतं, दगडी कमानीच्या माथ्यावरच्या पाचरीच्या दगडासारखं. त्यामुळे कमान भक्कम राहते, पण ताणही तिथेच येतो. दुसरा आणि तिसरा सांधा झिजण्याचं प्रमाण जास्त असतं त्यामागे हे एक कारण आहे.

पाच लांब हाडं आणि मधली लहान हाडं जिथे भेटतात त्या सांध्यांच्या ओळीला लिसफ्रँक सांधे म्हणतात. झाक लिसफ्रँक या फ्रेंच शल्यविशारदाचं हे नाव. याच ओळीतून पाऊल कापण्याची पद्धत त्यांनी मांडली होती. तुमच्या रिपोर्टवर हा शब्द दिसेल, म्हणून सांगितलं.

सर्जन या ओळीचे तीन स्तंभ मानतात. अंगठ्याच्या रेषेतला आतला स्तंभ, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाचा मधला, आणि चौथ्या-पाचव्या बोटाचा बाहेरचा. यांच्या हालचालीत मोठा फरक आहे. वर-खाली वाकण्याची हालचाल मोजली तर दुसऱ्या सांध्यात ती एका अंशाहूनही कमी भरते, पहिल्यात तीन-चार अंश, तिसऱ्यात दीडेक. चौथ्या आणि पाचव्यात मात्र ती १० अंशांच्या आसपास असते. पहिले तीन सांधे मुळात फारसे हलतच नाहीत, त्यामुळे ते जोडले तरी चालताना हालचाल गेल्याची जाणीव जवळजवळ होत नाही. बाहेरचे दोन सांधे खडबडीत जमिनीवर पावलाला जुळवून घ्यायला मदत करतात, म्हणून सर्जन ते शक्यतो मोकळे ठेवतात.

एक फरक इथेच लक्षात ठेवा. नॅव्हिक्युलर आणि घोट्याखालचं टॅलस हाड यांच्यातला सांधाही काहींचा झिजलेला असतो. तो जोडला तर पावलाची आत-बाहेर कलण्याची हालचाल बरीचशी जाते. "मधल्या सांध्यांचं फ्युजन" या एकाच नावाखाली दोन वेगळी ऑपरेशन्स सांगितली जाऊ शकतात, आणि नंतरचं पाऊल दोन्हींत वेगळं असतं. ओळखीतल्या कुणाचा अनुभव ऐकताना त्यांचा नेमका कुठला सांधा जोडला होता, हे आधी विचारा.

दुखतंय ते नेमकं कुठलं, हे पक्कं करा

मधल्या पावलाच्या झिजेची कारणं चार-पाच आहेत. जुनी दुखापत हे त्यांतलं मोठं. पाय मुरगळला, सूज आली, "लचक आहे" म्हणून पट्टी बांधली, पण प्रत्यक्षात लिसफ्रँकचं लिगामेंट, म्हणजे तिथली हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेलं होतं, असं बऱ्याचदा घडतं. यांतल्या साधारण पाचांतली एक दुखापत पहिल्या तपासणीत निसटते असं वैद्यकीय पुस्तकांत सांगतात. भार न देता काढलेल्या एक्स-रेत हाडं जागच्या जागी दिसतात, आणि उभं राहून काढलेल्या एक्स-रेत फट उघडते. दुखापतीनंतर तळपायाच्या मधोमध काळंनिळं झालं होतं का, हे आठवून बघा. तसं झालं असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, कितीही वर्षं झालेली असोत.

इतर कारणं म्हणजे वयाबरोबर आपसूक होणारी झीज, सपाट पाऊल, संधिवात आणि गाउट. मधुमेहात संवेदना कमी झालेल्या पावलात होणारा शार्को आजार हे प्रकरण वेगळं आहे. तिथे पाऊल गरम, लाल, सुजलेलं असतं आणि दुखणं त्या मानाने कमी असतं. तसं पाऊल दिसलं तर हा लेख बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. तिथे आधी पायाला पूर्ण विश्रांती द्यावी लागते, आणि ऑपरेशनचे हिशेबही निराळे असतात.

घरी बसल्या स्वतःचं पाऊल तपासून बघायला हरकत नाही. खुर्चीवर बसा, दुखरं पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या. एका हाताने पावलाचा मधला भाग घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने एकेका बोटामागचं लांब हाड चवड्याजवळ पकडून हलकेच वर-खाली करा. ज्या हाडाच्या मुळाशी ओळखीची कळ उठते तिथे पेनने खूण करा, आणि ती खूण घेऊनच डॉक्टरांकडे जा. डॉक्टर स्वतः तपासतीलच, पण "पाऊल दुखतं" याऐवजी "इथे दुखतं" सांगणारा रुग्ण त्यांना हवाच असतो. पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या बेचक्यात बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर तेही सांगा. वरच्या उंचवट्याखाली तिथली नस दाबली जात असते.

एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊनच काढलेला हवा. हे तुम्ही स्वतः विचारून घ्या, कारण घाईगर्दीत पलंगावर झोपवून काढला जातो आणि मग पुन्हा काढावा लागतो. कोणते सांधे किती झिजलेत ते बारकाईने बघायला सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

तरीही शंका उरतेच, कारण चित्रात झिजलेला दिसणारा प्रत्येक सांधा दुखतोच असं नाही. तेव्हा एक्स-रे किंवा सोनोग्राफीत बघत एकाच सांध्यात बधिर करणारं औषध टोचतात. पुढचे काही तास तुम्ही नेहमी जिथे दुखतं तसं चालून बघायचं: जिना, चढ, चवड्यावर उभं राहणं. दुखणं बरंचसं गेलं तर सांधा सापडला. गेलं नाही तर दुसरीकडे शोधायला हवं. माझ्या मते एकाहून जास्त सांधे झिजलेले दिसत असतील तर ही तपासणी टाळू नये. चुकीचा सांधा उत्तम जोडला गेला तरी दुखणं तसंच राहतं.

ऑपरेशनआधीचे उपाय खरोखर करून बघा

"सगळं करून झालं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गोळ्या आणि मलम एवढंच केलेलं असतं. मधल्या पावलाच्या झिजेत सगळ्यात जास्त काम करतो तो बूट. चालताना टाच उचलली की चवडा वाकतो आणि मधल्या सांध्यांवर जोर येतो. तळवा कडक असेल आणि पुढून वर वळलेला असेल, तर पाऊल न वाकता पुढे लोळतं. असे रॉकर तळव्याचे बूट मिळतात. आहे त्या बुटात कार्बन फायबरची पातळ कडक पट्टी घातली तरी बराच फरक पडतो. बूट घेताना दोन्ही हातांत धरून वाकवून बघा. सहज दुमडला तर तो तुमच्या कामाचा नाही. कमानीला आधार देणारा इनसोल काहींना मानवतो, काहींना उंचवट्यावर आणखी दाब देतो; तो घालून चालून बघितल्याशिवाय कळत नाही.

लेसचीही एक युक्ती आहे. उंचवट्याच्या बरोबर वर येणाऱ्या भोकांत लेस आडवी ओवू नका. तेवढी जोडी सोडून द्या, दोन्ही बाजूंनी लेस सरळ वर न्या आणि वरच्या भोकांपासून पुन्हा आडवी घ्या. नसेवरचा दाब लगेच हलका होतो.

पोटरी आखडलेली असेल तर तिचा ताण मधल्या पावलावर येतो, म्हणून भिंतीला हात टेकून पोटरीचे ताण-व्यायाम रोज करावेत. वजन जास्त असेल तर थोडंसं उतरलं तरी पावलाला जाणवतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे ते काही महिने आराम देऊ शकतं, पण ते वारंवार घेत राहण्याचं औषध नव्हे.

हे सगळं तीन-सहा महिने मनापासून केल्यावरही रोजचं चालणं अडत असेल, तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. त्यासाठी घाई करावी लागत नाही. कमान झपाट्याने खचत चाललेली असेल तर मात्र डॉक्टर लवकर करायला सांगू शकतात.

सर्जनला काय विचारायचं

प्रश्न कागदावर लिहून न्या. कोणते सांधे जोडणार आणि का? चौथा-पाचवा मोकळा ठेवणार ना? कमान खचली असेल तर ती याच ऑपरेशनमध्ये सरळ करणार का? दुसरीकडून हाड घ्यावं लागेल का, आणि कुठून? पाय किती आठवडे टेकवायचा नाही? मला ऑपरेशन करून घेतल्यावर काय मिळेल, दुखणं पूर्ण जाईल की कमी होईल?

शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर "बरंच कमी होईल" असं असतं. बहुतेकांना चालण्यात मोठा फरक पडतो. पण लांब चालल्यावर थोडी सूज, थकवा, हवाबदलात कुरकुर राहू शकते. "पाऊल पूर्वीसारखं होईल" अशी आशा कुणी दाखवली तर जरा खोदून विचारा. फक्त वरचा उंचवटाच बुटात रुतत असेल आणि सांध्यात फारसं दुखत नसेल, तर तो तासून काढण्याचं छोटं ऑपरेशन पुरेल का, हेही विचारून ठेवा.

आधीचे आठवडे

तंबाखू. या विषयात मला काहीच मऊ शब्दांत सांगायचं नाही. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नवीन हाड धरत नाही, जखमही भरत नाही. सिगारेट, बिडी, चघळायची तंबाखू, व्हेप, सगळं यात आलं. ऑपरेशनआधी निदान चार ते सहा आठवडे आणि नंतर हाड धरल्याचं एक्स-रेत दिसेपर्यंत बंद. काही सर्जन रक्ताची किंवा लघवीची चाचणी करून मगच तारीख देतात, आणि ते बरोबरच करतात. निकोटिनच्या पट्ट्या किंवा च्युइंग गम वापरायचा विचार असेल तर तोही आधी त्यांच्या कानावर घाला.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, आटोक्यात आणा. किती हवी याची मर्यादा सर्जन सांगतील. बरेच जण साडेसात-आठच्या वर असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून घ्या आणि कमी असेल तर भरून काढा. पायातलं रक्ताभिसरण ठीक नसण्याची शंका असेल तर त्याची तपासणी आधी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि संधिवाताची औषधं कधी थांबवायची, कधी सुरू करायची, हे लेखी घ्या. मनाने थांबवू नका. पायावर कुठे चीर, फोड, बोटांच्या बेचक्यात बुरशी असेल तर ती आधी बरी करा. तेवढ्यावरून ऑपरेशन रद्द होऊ शकतं.

घराची तयारी ऑपरेशनआधीच करा. नंतर एका पायावर उभं राहून फर्निचर सरकवता येत नाही. झोपायची जागा, शक्य असेल तर, संडास-बाथरूमच्या मजल्यावरच हवी. वाटेतल्या सतरंज्या, वायरी, पायपुसणी उचला. बाथरूममध्ये न घसरणारी खुर्ची आणि धरायला पक्का दांडा हवा. संडासाची बैठक कमोडची असावी. उकिडवं बसणं काही महिने जमणार नाही. फार खोल सोफा टाळा, एका पायावर त्यातून उठता येत नाही.

कुबड्या, वॉकर, आणि मिळाली तर गुडघ्यावर टेकून ढकलायची चाकांची गाडी, यांतलं काय वापरणार ते ठरवून आधीच सराव करा. दोन्ही पाय धड असताना एका पायावर तोल साधायला शिकणं सोपं जातं. जिना चढताना आधी चांगला पाय वर, मग कुबड्या. उतरताना आधी कुबड्या खाली, मग चांगला पाय. भरवसा वाटत नसेल तर पायरीवर बसून एकेक पायरी सरकत चढा-उतरा. त्यात लाज वाटायचं काही नाही, पडून जोडलेलं हाड हलवण्यापेक्षा ते हजार पटीने बरं. कुबड्या धरल्या की दोन्ही हात अडकतात, चहाचा कपसुद्धा नेता येत नाही. खांद्याला अडकवायची छोटी पिशवी आणि झाकणाची बाटली या दोन साध्या वस्तू त्या दिवसांत फार उपयोगाला येतात.

ऑपरेशनच्या दिवशी

भूल कमरेतून किंवा पूर्ण देतात, आणि त्याबरोबर बहुधा गुडघ्यामागे किंवा घोट्याजवळ ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, देतात. मांडीला किंवा पोटरीला पट्टा बांधून रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवतात. पावलाच्या वरच्या बाजूने एक किंवा दोन उभ्या चिरा घेतल्या जातात. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचा गुळगुळीत थर, खरवडून काढतात, खालच्या कडक हाडाला बारीक छिद्रं पाडून रक्त येऊ देतात. हे काम संथ आणि किचकट असतं. सांधे खोल असतात, आणि खालच्या बाजूची कूर्चा तशीच राहिली तर हाड तिथे धरत नाही. फटी भरायला टाचेतून, नडगीच्या वरच्या टोकातून किंवा कमरेच्या हाडातून थोडं हाड घेतात. मग हाडं योग्य जागी बसवून स्क्रू, प्लेट किंवा स्टेपल लावतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर खात्री करतात.

"योग्य जागी" यात बरंच काही आलं. एखादं लांब हाड जरासं खाली झुकलेलं जोडलं गेलं तर त्याच्या चवड्याखाली कायमचा दाब येतो, वर राहिलं तर शेजारच्या हाडावर भार जातो. म्हणून पावलाची ऑपरेशन्स नेहमी करणारा सर्जन शोधणं हे वेळ खर्च करण्यासारखं काम आहे.

पहिले दोन आठवडे

ब्लॉकमुळे पहिले १२ ते २४ तास पाय बधिर असतो आणि दुखत नाही. फसगत इथेच होते. बधिरपणा उतरायची वाट न बघता, सांगितलेल्या वेळेला वेदनाशामक सुरू करा. रात्री दोनला एकदम कळ उठली तर मग ती आवरायला वेळ लागतो.

पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवायचा. खुर्चीत बसून समोर स्टुलावर पाय ठेवला म्हणजे तो वर ठेवला असं होत नाही. आडवं व्हावं लागतं आणि पोटरीखाली उशा लावाव्या लागतात. टाच उशीवर दाबली जाऊ देऊ नका, ती थोडी अधांतरी हवी, नाहीतर तिथे जखम होते. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाचा बहुतेक वेळ असाच काढायचा. पावलावर मांस कमी, कातडी पातळ. सूज राहिली तर टाके उसवतात. पाय खाली सोडला की तो जांभळट होतो आणि ठणकतो, वर घेतला की निवळतो. हे अपेक्षित आहे.

बोटं हलवत राहा, मांडीचे स्नायू आवळा-सोडा. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील तर एकही डोस चुकवू नका. अंघोळीला पट्टी कोरडी राहिली पाहिजे: प्लास्टिकची पिशवी गुडघ्याखाली घट्ट बांधा, आणि तो पाय पाण्याच्या बाहेर स्टुलावर ठेवा. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात, सूज जास्त असेल तर आणखी थोडं थांबतात.

पाय टेकवायचा नाही ते आठवडे

साधारण सहा ते आठ आठवडे पायावर भार द्यायचा नसतो. आधी प्लास्टरची पट्टी, मग पूर्ण प्लास्टर किंवा कॅम बूट, म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा, काढता-घालता येणारा कडक बूट. काही सर्जन लवकर टाचेवर हलका भार देऊ देतात, ते त्यांनी काय जोडलं आणि कशाने धरलं यावर असतं. दुसऱ्या कुणाला चौथ्या आठवड्यात चालवलं म्हणून तुम्ही चालायचं नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात काय होतं ते नीट समजून घ्या. दुखणं जवळजवळ थांबलेलं असतं. सूज उतरलेली असते. माणूस कंटाळलेला असतो. रात्री लघवीला उठताना कुबड्या घ्यायच्या कोण, चारच तर पावलं आहेत. आत त्या वेळी दोन हाडांमध्ये नवं, कच्चं हाड बनू लागलेलं असतं. पावलावर चालताना येणारा भार शरीराच्या वजनाहून जास्त असतो, आणि तो थेट या जोडावर वाकवणारा जोर म्हणून पडतो. एकदा टेकला तर लगेच सगळं मोडतंच असं नाही, पण रोज थोडंथोडं हललं तर मध्ये हाडाऐवजी तंतू भरतात आणि जोड धरत नाही. तेव्हा दुखणं थांबलं म्हणजे हाड धरलं असं कधीच समजू नका. हाड धरलं की नाही ते एक्स-रे सांगतो.

म्हणून रात्रीची व्यवस्था आधीच लावा. कुबड्या पलंगाला टेकवून, झोपेतही हाताला लागतील अशा ठेवा. वाटेत मंद दिवा. तेवढंही जड वाटत असेल तर पलंगाजवळ भांडं ठेवा. चुकून पाय टेकलाच, घसरलात, तर घाबरून गप्प बसू नका. दुखणं किंवा सूज वाढली तर सर्जनला फोन करून सांगा.

या काळात मन खचतं, हे मुद्दाम लिहितो. घरच्यांवर अवलंबून राहावं लागतं, चिडचिड होते. घरच्यांनीही "एवढं काय, चारच आठवडे राहिले" असं म्हणणं टाळावं. रोज दोन-तीन ठरलेली कामं ठेवा, बसून किंवा आडवं पडून करता येतील अशी. गुडघा, कंबर, खांदे आणि दुसरा पाय यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या. सगळा भार पेलणारा चांगला पाय आणि मनगटंही दुखू लागतात.

बसून करायचं काम असेल आणि तिथे पाय वर ठेवता येत असेल तर दोन ते सहा आठवड्यांत कामावर जाता येतं. उभ्याचं काम असेल तर तीन-चार महिने धरा, अंगमेहनतीचं असेल तर त्याहून जास्त.

पुन्हा भार

एक्स-रेत जोड धरू लागलेला दिसला की कॅम बूट घालून, कुबड्या घेऊनच, भार सुरू होतो. एक सोपी रीत: वजनकाट्यावर ऑपरेशनचं पाऊल ठेवा आणि सांगितलेल्या वजनाइतकाच काटा जाईपर्यंत दाबा. तो दाब कसा लागतो ते पायाला कळू द्या, मग चाला. दर काही दिवसांनी वाढवत, दोन कुबड्यांवरून एकीवर, मग नुसत्या कॅम बुटावर. एक कुबडी धरायची ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात.

भार वाढवल्यावर संध्याकाळी थोडं दुखलं, सुजलं आणि रात्रीत निवळलं तर चालेल. सकाळीही तेवढंच दुखत असेल तर एक पायरी मागे या.

साध्या बुटात यायला साधारण तीन महिने लागतात. पहिला बूट रुंद, कडक तळव्याचा, लेसचा घ्या. सूज दिवसभरात कमी-जास्त होते आणि लेस सैल करता येते. सपाट मऊ चपला अजून नकोत. घोटा बऱ्याचदा आखडलेला असतो, पोटरी बारीक झालेली असते. व्यायाम मुख्यतः त्यांच्यासाठी. जोडलेला सांधा हलवायचा कुणी प्रयत्न करू नये, मालिश करणाऱ्यानेही नाही.

गाडी चालवायची तर कॅम बूट सुटलेला हवा, बुटात न दुखता चालता यायला हवं आणि एकदम जोरात ब्रेक दाबता आला पाहिजे. डॉक्टरांची आणि विमा कंपनीची परवानगी आधी.

काय बिघडू शकतं

जोड न धरणं हा यातला मुख्य धोका. वेगवेगळ्या अभ्यासांत तो शेकडा काही ते दहाच्या आसपास सांगितला जातो, आणि तंबाखू व अनावर साखर असलेल्यांत वाढतो. सहाएक महिन्यांनीही भार देताना त्याच जागी दुखत असेल तर सीटी स्कॅनने बघतात. न धरलेला पण न दुखणारा जोड तसाच सोडताही येतो, दुखरा असेल तर पुन्हा ऑपरेशन. चिरेच्या आसपास आणि बोटांवर बधिरपणा बऱ्याच जणांना येतो. काहींचा जातो, काहींचा राहतो. जंतुसंसर्ग, जखम उशिरा भरणं, चवड्याखाली नवं दुखणं, वर्षांनंतर शेजारच्या सांध्याची झीज, हेही होऊ शकतं. पाय अति संवेदनशील होऊन सतत जळजळणं, रंग बदलणं, अशी वेदनेची गुंतागुंत क्वचित होते. ती लवकर ओळखली तर उपचार सोपे जातात.

पुढचं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका: ताप आणि जखमेतून पू, पट्टी घट्ट होऊन बोटं गार, पांढरी किंवा निळी पडणं, पाय वर घेऊन आणि औषध घेऊनही न थांबणारी, वाढत जाणारी वेदना, पोटरीत एका बाजूला दुखून सूज. एकदम दम लागला किंवा छातीत दुखू लागलं तर थेट आपत्कालीन विभाग गाठा, कारण गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते.

पुढचं वर्ष

संध्याकाळची सूज सहा महिने ते वर्षभर राहते. तीन महिन्यांच्या पावलाकडे बघून ऑपरेशन फसलं असा निकाल लावू नका. वर्षाचं पाऊल वेगळं असतं. चालणं, सायकल, पोहणं हे बहुतेकांना नीट जमतं. डोंगर चढणं अनेकांना जमतं, चांगल्या बुटांत. धावणं आणि उड्यांचे खेळ काही जण पुन्हा सुरू करतात, पण शेजारच्या सांध्यांवर येणारा भार बघता मी ते मोजकंच ठेवायला सांगेन.

स्क्रू आणि प्लेट आतच राहतात. पावलावर कातडी पातळ असल्यामुळे काहींना त्या बुटाखाली टोचतात. तसं झालं तर जोड पक्का धरल्यावर, बहुधा वर्षभरानंतर, त्या छोट्या ऑपरेशनने काढता येतात, आणि त्यानंतर त्या मानाने लवकर चालता येतं. टोचत नसतील तर त्यांना हात लावायची गरज नाही. वर्षाच्या शेवटच्या तपासणीचा एक्स-रे मात्र स्वतःजवळ जपून ठेवा. पुढे कधी पाय मुरगळला, तर नवा काय बदल झाला ते ओळखायला डॉक्टरांना तोच लागतो.